किती दिवसांचं? कसबे डिग्रज ते सिहोर, सोयाबीनच्या मागावर

सोयाबीनचे वाण जिथे घडतात ती केंद्रं बघायला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडला होता. तेव्हा शेंगा भरलेल्या असतात, पानगळ कुठे सुरू झालेली असते तर कुठे नसते, आणि वाणावाणातला फरक बांधावरूनच दिसतो. मी, बायको आणि औशाचा मेहुणा असे तिघं निघालो. आमची जमीन वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठची. आमचं मुख्य पीक ऊस, सोयाबीन त्याच्या आधी किंवा त्याच्या सरीत. मेहुण्याचं घर मात्र सोयाबीनवर चालतं. त्याच्याकडे पाण्याची सोय नाही, जे काय ते पावसावर. त्यामुळे कुठलाही वाण बघितला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती दिवसांचं?"

मंगळवार, कसबे डिग्रज

सुरुवात घराजवळूनच केली. सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. नावात केडीएस असलेले सगळे वाण इथले: फुले अग्रणी (केडीएस ३४४), फुले संगम (केडीएस ७२६), फुले किमया (केडीएस ७५३). आमच्या भागात आता 'संगम' म्हटलं की नदीच्या आधी सोयाबीन आठवतं.

जुलैच्या सुरुवातीला पेरलेला एक प्लॉट अजून हिरवागार होता. रुंद गडद पानं, कमरेला लागणारी झाडं. त्याच्या शेजारी तुलनेसाठी जेएस ३३५ या जुन्या, सगळीकडे पसरलेल्या वाणाच्या चार ओळी. तिथल्या साहेबांनी त्यातलं एक पान उलटं करून माझ्या हातात दिलं. खालच्या बाजूला बारीक फोड होते. अंगठ्यानं घासलं तर अंगठा विटकरी झाला. हा तांबेरा. कृष्णा खोऱ्यातली दमट हवा त्याला मानवते आणि तो आला की शेंग भरायच्या आत पान गळून जातं. नव्वदच्या दशकापासून आमच्या भागातल्या माणसांनी हे सोसलंय, आणि डिग्रजची निवड याच एका शत्रूला समोर धरून झाली. संगमचं पान उलटून बघितलं, त्यावरही तुरळक ठिपके होते. रोग पूर्ण अडत नाही, पण झाड त्याला दाद देत नाही.

संगमचा कालावधी १०० ते १०५ दिवस. मेहुणा म्हणाला, "दाजी, आमच्याकडंबी लोकांनी लावलंय हे. पाऊस चालू असला तर शेंगा बघत राहाव्या अशा. पण उघडीप पडली की शेवटचे पंधरा दिवस लई जड जातात." आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत एक पाणी देता येतं. त्याच्या रानात ते येणार कुठून?

(जाणाऱ्यांसाठी: अशा केंद्रांवर आधी फोन करून जावं, शनिवार-रविवार टाळावा. काळ्या रानात पाऊस झाला की चप्पल निरुपयोगी, गमबूट गाडीत असू द्यावेत.)

बुधवार, होळ

विटा, दहिवडी, फलटण करत बारामती तालुक्यातल्या होळला पोचलो. सोबत सांगलीचं भडंग होतं, ते फलटणच्या आतच संपलं.

होळला पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं शेत आहे. संस्था १९४६ ची. तिचं मूळ नाव महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणून इथल्या वाणांच्या नावात एमएसीएस. पुढे १९९२ मध्ये संस्थापक शं. पु. आघारकरांचं नाव संस्थेला दिलं, वाणांची आद्याक्षरं मात्र जुनीच राहिली.

इथे जे बघायला मिळालं ते मी विसरणार नाही. एका ओळीत काही झाडांवर बारीक दोरे आणि कागदी चिठ्ठ्या बांधल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीखाली एकच शेंग, आखूड, जेमतेम दोन दाण्यांची. ऑगस्टमध्ये हातानं केलेल्या संकराची ती शेंग. सोयाबीनचं फूल तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठं, आणि उमलायच्या आधीच ते स्वतःचं स्वतः फळून मोकळं होतं. म्हणून कळी मिटलेली असतानाच चिमट्यानं तिचे पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या वाणाचे पराग तिच्यावर टेकवायचे. बहुतेक कळ्या गळून जातात. शेतात काम करणाऱ्या एका मावशींनी सांगितलं की ओणवं राहून पाठ धरते, पण शेंग धरली की त्या चिठ्ठीवरची तारीख पाठ होऊन जाते. मावशी कितीतरी वर्षं हेच काम करतायत. वाणाच्या पत्रिकेत त्यांचं नाव येत नाही, ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्या दोन दाण्यांपासून पुढे सहा-सात पिढ्या निवड, मग देशभरच्या केंद्रांवर तीन वर्षं चाचण्या, मग अधिसूचना. दहा-बारा वर्षं सहज जातात.

होळचा सगळ्यात मोठा धक्का म्हणजे एमएसीएस १४०७. बारामतीच्या मातीत वाढलेला हा वाण बारामतीसाठी नाहीच. शिफारस आहे आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी. १०४ दिवसांचा, हेक्टरी ३९ क्विंटलपर्यंत देणारा. खोड जाड, सगळ्यात खालची शेंग जमिनीपासून ७ सेंटीमीटरवर, शेंगा लवकर तडकत नाहीत. खोडमाशी, चक्रीभुंगा, पांढरी माशी यांना तोंड देणारा. त्या राज्यांत पाऊस लांबतो, त्यामुळे १०४ दिवस तिथे चालून जातात. मेहुण्यानं तो प्लॉट बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "झाड आवडलं. पण आपलं आभाळ आसामचं नाही."

रात्री औशाला, सासुरवाडीत. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर लोणी. सासूबाईंनी सकाळच्या वाटेसाठी धपाटे बांधून ठेवले होते.

गुरुवार, औसा ते परभणी

सकाळी मेहुण्याच्या रानात गेलो. लातूर जिल्ह्यात कुठल्याही दिशेला बघा, सोयाबीन. ज्वारी, मूग, उडीद, कापूस यांची जागा त्यानं बघता बघता घेतली. यात एमएयूएस ७१ आणि जेएस ३३५ या दोघांचा वाटा मोठा. मेहुण्याकडे एमएयूएस ६१२ होतं, ९४ ते ९८ दिवसांचं. पानं पिवळी होऊन अर्धी खाली आलेली, शेंगा तपकिरी. दोनच दिवसांपूर्वी डिग्रजच्या हिरव्या झाडांजवळ उभा होतो, म्हणून हा फरक जास्तच जाणवला. इथे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रान मोकळं झालं तरच जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा उगवतो. दहा दिवस उशीर झाला की हरभऱ्याची आशा सोडायची.

परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात दुपार गेली. एमएयूएस म्हणजे मराठवाडा अॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी सोयाबीन. विद्यापीठाचं नाव २०१३ मध्ये बदललं, वाणांची ओळख तीच राहिली. इथल्या निवडीचा रोख वेगळा. तांबेऱ्याची भीती कमी, पण उघडीप, खोडमाशी आणि काढणीला मजूर न मिळणं या तिन्ही अडचणी आहेत. एमएयूएस १५८ मध्ये पीक पक्व झाल्यावरही दहा-बारा दिवस शेंगा फुटत नाहीत. मजुरांची वाट बघणाऱ्याला हे दहा दिवस किती मोलाचे, ते ज्याच्या रानात दाणे तडतडून मातीत सांडलेत त्यालाच विचारा. एमएयूएस १६२ तर हार्वेस्टर डोळ्यांसमोर ठेवूनच निवडलेला. झाड उभट, शेंगा वर.

बायकोनं इथे बियाण्याची चौकशी काढली. घरचं बियाणं ठेवण्याचं काम आमच्यात तीच करते. तिला सांगितलेली माहिती सगळ्यांच्या उपयोगाची आहे म्हणून देतो. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ आणि कोंब सालाखाली लगेच. मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या वर नेले, पोतं उंचावरून आपटलं किंवा उंच थप्पी लावली की कोंब आतल्या आत मरतो, वरून दाणा टपोरा दिसतो. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवावेत. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला योग्य. त्याहून कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं, फारच कमी असतील तर बियाणं बदलावं. आणि ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये.

शुक्रवार, बुऱ्हाणपूरपर्यंत

दिवस गाडीतच गेला. हिंगोली, वाशीम, अकोला, खामगाव, मलकापूर. वाशीमपर्यंत दोन्ही बाजूंना सोयाबीन, पुढे कापूस वाढत गेला, आणि मुक्ताईनगरच्या पुढे केळी. संध्याकाळी बुऱ्हाणपूरला मुक्काम. इथली मावा जिलेबी काळपट, जाड आणि गरम. एका माणसाला एक पुरते, आम्ही जास्त खाल्ली.

(इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ट्रकांची गर्दी असते आणि पुढे भेरू घाट आहे. हा टप्पा उजेडातच पार करावा.)

शनिवार, इंदूर

पहाटे निघालो. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडताना पात्र भरून वाहत होतं. बायकोनं गाडी थांबवायला लावून नमस्कार केला. घाट चढून माळव्याच्या पठारावर आलो आणि मेहुण्यानं गाडी हळू केली. दोन्हीकडे रानं कापून झालेली होती. काही ठिकाणी तर बटाट्यासाठी नांगरटही झाली होती. औशाला पिवळं, डिग्रजला हिरवं आणि इथे रिकामं रान.

सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था खंडवा रस्त्यावरच आहे, शहरात शिरायच्या आधी. १९८७ मध्ये राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली, म्हणून इथले वाण एनआरसी. सुरुवातीच्या वाणांना अहिल्या १, २, ३, ४ अशीही नावं आहेत. चौंडीच्या लेकीचं नाव माळव्याच्या बियाण्याला दिलेलं बघून बरं वाटलं. शनिवार असूनही एका शास्त्रज्ञांनी आधी ठरल्याप्रमाणे वेळ दिला.

मी त्यांना विचारलं, एकच पीक ठिकाणाठिकाणी इतकं वेगळं का वागतं? त्यांनी कागदावर तीन रेघा ओढल्या. सोयाबीन रात्रीची लांबी मोजतं. रात्र पुरेशी मोठी झाली की ते फुलावर येतं. जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सांगलीत १३ तासांच्या जरा वर, इंदूरला साडेतेराच्या आसपास, अमेरिकेच्या इलिनॉयमध्ये १५ तासांचा. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं पंतनगर आणि जबलपूरला अमेरिकी वाणांच्या चाचण्या सुरू झाल्या. तिथल्या उत्तरेकडच्या थंड पट्ट्यातलं बियाणं आपल्याकडे पेरलं की गुडघ्याएवढं व्हायच्या आतच फुलावर येतं. फ्लोरिडासारख्या दक्षिणेकडचा ब्रॅग हा वाण मात्र इथे रुळला. १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित सोयाबीन प्रकल्प सुरू झाला आणि मग इथल्या दिवस-रात्रींना जुळणारे वाण इथेच घडू लागले. ब्राझीलनं हेच काम विषुववृत्ताच्या दिशेनं आणखी पुढे नेलं. आखूड दिवसांतही आधी उंची धरून मगच फुलणारं झाड त्यांनी निवडलं, आणि सेराडोचा माळ सोयाबीनखाली आला.

संस्थेतल्या दुसऱ्या कामानं बायको जास्त खूश झाली. सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, म्हणून ते नीट शिजवल्याशिवाय खायचं नाही. २०१८ मध्ये आलेला एनआरसी १२७ हा तो घटक नसलेला देशातला पहिला वाण. एनआरसी १४२ मध्ये त्यासोबत सोयाबीनचा उग्र कच्चट वास देणारा एक घटकही काढलेला आहे. आजवर आपण सोयाबीन पिकवलं ते तेलगिरणीसाठी आणि पेंडीसाठी. घरात खायचं सोयाबीन म्हणून निवड होतेय ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आमच्या गावात शेताच्या शेत सोयाबीन आहे आणि ताटात एक दाणा नाही.

संध्याकाळी छप्पन दुकानावर पोहे-जिलेबी, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस. सराफा सोन्याची दुकानं बंद झाल्यावर भरतो, त्यामुळे रात्री नऊच्या आधी जाऊ नये.

रविवार, देवासजवळ

देवासजवळच्या एका मराठी कुटुंबाकडे ओळखीतून गेलो. देवासच्या पवार संस्थानिकांच्या काळात त्यांचे पूर्वज इकडे आले. घरात मराठी, रानात माळवी. घरातले आजोबा ऐंशीच्या पुढचे. आम्ही सोयाबीनसाठी आलोय म्हटल्यावर ते उठले आणि देवळीतून डबीभर काळे दाणे घेऊन आले. कालीतूर. माळव्यातलं सोयाबीन आधी असं होतं.

दाणा बारीक, चकचकीत काळा, नखानं दाबून चिरा पडत नाही. आजोबा सांगत होते, वेलासारखं पसरायचं, पक्व व्हायला दिवाळी गाठायचं, उतार फार नाही. पण बी कधी दगा द्यायचं नाही, दोन वर्षांचं जुनंही उगवायचं. त्या काळात पावसाळ्यात माळव्याची काळी रानं बहुतेक पडीक ठेवत आणि ओल राखून गहू-हरभरा घेत. खरिपात काही घेता येतं हे सोयाबीननं दाखवलं. मग पिवळं सोयाबीन आलं, पैसा आला, विहिरी झाल्या, पक्की घरं झाली. आजोबांचं स्वतःचं घर १९९० नंतरचं आणि त्याला ते सरळ "जेएस ३३५ चं घर" म्हणतात.

बायकोनं तो काळा दाणा आणि शेजारच्या पोत्यातला टपोरा पिवळा दाणा तळहातावर शेजारी ठेवले. बाजाराला दाणा मोठा, पिवळा, तेलाचा हवा होता, तशी निवड होत गेली. मोठ्या दाण्याला साल पुरत नाही, म्हणून उगवणीचा प्रश्न आला. परभणीत कळलेली गोष्ट इथे प्रत्यक्ष दिसली. काळ्या दाण्याचा तो चिवटपणा पिवळ्यात पुन्हा आणायला हवा, आणि त्यासाठी असे दाणे देवळीत नाही तर बियाण्याच्या शीतगृहात राहायला हवेत.

दुपारी दाल-बाफले. तुपात बुडवलेला बाफला आजोबा आग्रहानं वाढत होते, नाही म्हणायची सोय नव्हती.

सोमवार, सिहोर

मध्य प्रदेशातल्याच सिहोरच्या रफी अहमद किदवई कृषी महाविद्यालयात जायचं माझ्या मनात वर्षानुवर्षं होतं. जेएस ३३५ इथला. जेएस म्हणजे जवाहर सोयाबीन, कारण तेव्हा हे महाविद्यालय जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाखाली होतं. जेएस ७८-७७ आणि जेएस ७१-०५ यांचा संकर, १९९४ ची अधिसूचना. विदर्भ, मराठवाडा, माळवा, कर्नाटकापर्यंत या एका वाणानं मुलूख व्यापला. इतका फैलाव होण्यातच धोका होता. सगळीकडे एकच झाड, म्हणजे एका रोगाला सगळीकडे दार उघडं. दक्षिणेत तांबेऱ्यानं आणि इकडे पिवळ्या मोझॅकनं ते दाखवून दिलं.

पुढची निवड दिवस कमी करण्याकडे वळली. २००२ चा जेएस ९३-०५, ९० ते ९५ दिवसांचा. २००७ चा जेएस ९५-६०, ८२ ते ८८ दिवसांचा. माळव्यात त्याला 'अर्ली' एवढंच म्हणतात. त्यामुळे सप्टेंबरातच रान मोकळं होऊन बटाटा, लसूण, डॉलर चना (मोठा काबुली हरभरा) घेता येऊ लागला. आणि सिहोरचा तर शरबती गहू, देशभर नावाजलेला. पण ९५-६० पिवळ्या मोझॅकपुढे टिकत नाही, म्हणून जेएस ९७-५२, जेएस २०-२९, जेएस २०-६९ असे रोगाला तोंड देणारे वाण आले.

महाविद्यालयातून निघालो आणि परतीचा पाऊस आला. साधा नव्हता, समोरचं दिसेना असा. आष्ट्याच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये थांबलो. त्यांचं 'अर्ली' तीन दिवसांपूर्वी कापून रानात पडलं होतं, अर्धं ताडपत्रीखाली आणि अर्धं उघडं. आधीही दोनदा भिजलेलं. त्यांनी एक शेंग उघडून दाखवली. तीनही दाणे फुगलेले आणि एकाला पांढरं मूळ फुटलेलं. बांधापलीकडे शेजाऱ्याचं शंभर दिवसांचं सोयाबीन हिरवं उभं होतं, त्या पावसानं त्याचं काही बिघडलं नव्हतं.

मेहुणा बराच वेळ त्या शेतकऱ्याशी बोलत बसला. त्याच्या मोडक्या हिंदीनं काही अडलं नाही. औशाला पाऊस लवकर थांबतो ही भीती, इथे वेळेवर थांबत नाही ही भीती. दोघांनी एकमेकांचे पाऊस महिन्यावार मांडले. बोटांवर मोजत कुठल्या आठवड्यात फूल, कुठल्या आठवड्यात दाणा, कुठल्या आठवड्यात काढणी. शेतकरी म्हणाले, पुढच्या वर्षी निम्मं रान 'अर्ली', निम्मं शंभर दिवसांचं; एक बुडालं तर एक हाताला लागेल. पावसातच चहा आला, आल्याचा, भरपूर गोड.

परत आल्यावर

मंगळवारी तसेच उलट फिरलो, बुधवारी रात्री घरी. येताना कुठलंही बियाणं आणलं नाही, आणि जाणाऱ्यांनाही तेच सांगेन. माळव्याचा वाण तिथल्या आभाळाचा. पिशवीभर उचलून आणून आपल्या रानात पसरू नये. आपल्या विभागासाठी शिफारस आहे का ते आधी बघावं, बियाणं पिशवीवरचा टॅग बघून घ्यावं, पावती जपावी.

मेहुण्यानं पुढच्या खरिपाचं ठरवलंय: मोठा भाग एमएयूएस ६१२, दोन एकर एमएयूएस १५८, आणि सगळं रुंद वरंबा-सरी पद्धतीनं, म्हणजे उघडीप पडली तर ओल राहील आणि पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाईल. आमच्याकडे संगम राहील, पण सगळ्या रानात एकच वाण लावायचं बंद. त्याच्या शेजारी किमया येईल. बायकोनं गेल्या आठवड्यात घरच्या बियाण्याची परीक्षा घेतली, शंभरातले ८१ उगवले. ते पोतं वेगळं काढून, लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवलंय.